टीमला बॅकअप गार्ड हवा की नको: भांडायच्या आधी काय मोजायचं

मालवणच्या धक्क्यापासून पाच मिनिटांवर एक चहाची टपरी आहे, तिथे आम्ही चार जण गेली कित्येक वर्षं एकच भांडण भांडतोय, की एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, आपल्या टीमने अजून एक गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा) घ्यावा की नको. मी, मेडिकलवाला, पीटीचे सर आणि एक ट्रॉलरवाला. टीमचं नाव मुद्दाम सांगत नाय, सांगितलं की अर्धे लोक इथेच वाचायचं थांबतील आणि उरलेले शिव्या घालतील. आणि तसंही एनबीएत ३० टीम आहेत आणि तिसांच्याही फॅनना वाटतं की आपला बॅकअप गार्ड बेकार आहे, तेव्हा कुठलीही टीम धरा, काय फरक पडत नाय.

आता आमच्यात एक कॉलेजचा पोरगा नवीन आलाय, कुणाचंही नाव निघालं की लगेच "घेऊन टाकायला पाहिजे". त्याला समजवता समजवता माझंच डोकं जरा जाग्यावर आलं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी भांडणाचा सीझन समजून घ्या. फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, ३० जूनला न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ६ ला उघडते, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला. तेव्हा मालवणात काय चालू असतं, तर धो धो पाऊस, १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढून ताडपत्री घालून ठेवलेल्या, लाईट कधी जाईल सांगता येत नाय. आमच्या ट्रॉलरवाल्याला कामधंदा नसतो आणि मोबाईल चार्ज असतो, हे कॉम्बिनेशन फार वाईट. तो रोज सकाळी तीन नवीन नावं घेऊन येतो. म्हणून आमच्यात नियम केलाय की पहिल्या दहा मिनिटांत कुणाचं नाव काढायचं नाय. जो काढेल त्याने चहाचे पैसे द्यायचे. हा नियम तुम्हीपण करा, निम्मं भांडण तिथेच संपतं, कारण नाव आलं की प्रत्येकाला त्या माणसाचे हायलाइट आठवतात आणि मग टीमला नक्की काय कमी आहे ते कुणी बघतच नाय.

नावाच्या आधी मिनिटं मोजायची. बिस्किटच्या पुड्याच्या कागदावर पण होतं हे गणित. मॅच ४८ मिनिटांची, पाच जण कोर्टवर, म्हणजे सगळी मिळून २४० मिनिटं वाटायची असतात. त्यातल्या गार्डच्या दोन जागा धरल्या तर ९६. समजा तुमचा मेन गार्ड ३५ खेळतो, दुसरा ३३. गेले ६८, राहिले २८. आता बेंचवर एक शूटर आधीच आहे, तो १५ घेतो. राहिले १३. म्हणजे ज्या माणसावरून मेडिकलवाला आणि ट्रॉलरवाला गेल्या वर्षी तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते तो माणूस येऊन एका रात्री १३ मिनिटं खेळणार होता. तुमच्या टीमचा आकडा वेगळा येईल, २० पण येईल, ७ पण येईल, पण तो काढल्याशिवाय तोंड उघडू नका.

आणि १३ आला म्हणून हसूही नका, कारण ती १३ कुठली ते बघायचंय. बहुतेक कोच मेन गार्डला पहिल्या क्वार्टरच्या शेवटी नायतर दुसऱ्याच्या सुरुवातीला बसवतात, आणि परत चौथ्याच्या सुरुवातीला. आठची लीड असते, तो बसतो, तुम्ही दात घासून येता आणि बघता तर दोनची झाली. तर काम असं करा की सलग दहा मॅच एका वहीत फक्त दोन आकडे लिहा, मेन गार्ड बसला तेव्हा स्कोअर किती आणि परत उठला तेव्हा किती. बाकी काय लिहू नका. थंडीत तिकडच्या पूर्वेकडची संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते, मार्चमध्ये तिकडे घड्याळ पुढे गेलं की साडेचारला, आणि पश्चिमेकडची तिथली साडेसातची मॅच थंडीत आपल्या सकाळी ९ ला. ९ वाली मेडिकलवाल्याकडे असते कारण तो काउंटरवर बसून बघतो, साडेपाचवाली माझ्याकडे. दहा मॅचची वही झाली की मग बोलायला बसा. दहा मॅचने शास्त्र सिद्ध होत नाय हे मलाही कळतं, पण "मला वाटतं" पेक्षा दहा पट बरं.

ह्या वहीत एक फसगत आहे ती सांगतो. मेन गार्ड बसतो तेव्हा कधी कधी मोठा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच माणूस, तोपण त्याच्याबरोबर बसलेला असतो. मग जी पडझड झाली ती गार्डमुळे की सेंटरमुळे? डेन्व्हरचं बघा, त्यांचा सेंटर निकोला योकिच बसला की टीम वेगळीच दिसते, ही तक्रार त्यांच्या फॅनची वर्षानुवर्षांची. तिथे बॅकअप गार्ड बदलून किती फरक पडणार, पडतो थोडा, पण खरं भोक दुसरीकडे आहे. बोटीत पाणी येतंय म्हणून इंजिन बदलण्यातला प्रकार. म्हणून वहीत बाजूला एक खूण करा, सेंटर होता की नव्हता.

मग येतं काम. "बॅकअप गार्ड" हा शब्दच घोळ घालतो, कारण त्यात तीन वेगवेगळी माणसं लपलेली असतात. एक बॉल सुखरूप पुढे नेणारा, एक येऊन पॉइंट काढणारा, आणि एक समोरच्या गार्डच्या मानेवर बसणारा. तुम्हाला कुठला पाहिजे? पीटीचे सर ह्या मुद्द्यावर फार कडक आहेत आणि त्याला कारण आहे. आम्ही शाळेत असताना एक तालुक्याची मॅच होती, जांभ्याच्या लाल मैदानावर, बॉल हातात घेतला की हात विटकरी. आम्ही ११ ने पुढे. आमचा पॉइंट गार्ड पाच फाउल होऊन बाहेर गेला. शाळेच्या मॅचला पाचच, एनबीएत सहा असतात. मग समोरच्यांनी पूर्ण कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आमच्याच बास्केटपासून अडवायला सुरुवात केली, आणि आमच्यातल्या एकालाही बॉल आठ सेकंदात अर्ध्या रेषेपलीकडे नेता येईना. आमच्याकडे बास्केट मारणारे तिघे होते पण बॉल तिथपर्यंत पोचतच नव्हता! हरलो. सर त्या दिवसापासून म्हणतात की बेंचवरच्या गार्डचं पहिलं काम म्हणजे बॉल हरवायचा नाय, पॉइंट ही वरची मलई. त्यामुळे नावं बघताना आधी असिस्ट (बास्केट होणारे पास) आणि टर्नओव्हर (हरवलेले बॉल) शेजारी शेजारी बघायचे, पॉइंटचा अ‍ॅव्हरेज नंतर. लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटची टक्केवारी तर एका महिन्यावरून अजिबात धरू नका, महिन्याभरात कुणीही स्टीफन करी दिसतो.

मेडिकलवाला लगेच म्हणतो, "अरे बॅकअप म्हणजे गाडीची स्टेपनी, असलेली बरी." मला हे उदाहरण आवडत नाय. स्टेपनी डिकीत पडून असते, टायर फुटल्यावरच काढतात. बॅकअप गार्ड रोज रात्री चालवायला बसणार आहे. आमच्याकडे डबलबारीच्या भजनाला बुवा थकले की दुसरा माणूस चाल उचलतो ना, तसं आहे ते. बारी चालूच राहते, पखवाजाचा ठेका तुटता कामा नये, आणि समोरचा बुवा वाटच बघत असतो की कधी ह्यांची गडबड होते.

आता जुनी उदाहरणं, कारण भांडणात ती येणारच. सगळ्यात पहिलं येतं जेरेमी लिनचं. २०११ च्या डिसेंबरमध्ये गोल्डन स्टेटने सोडला, ह्यूस्टनने घेतला आणि सोडला, मग २७ डिसेंबरला न्यूयॉर्क निक्सने उचलला, आणि ४ फेब्रुवारी २०१२ ला नेट्सविरुद्ध बेंचवरून येऊन २५ पॉइंट, १० तारखेला लेकर्सविरुद्ध ३८. खरी गोष्ट आहे, मी पण वेडा झालो होतो. पण म्हणून रस्त्यावर पडलेला प्रत्येक गार्ड लिन नसतो हो! आमच्यात कायदा आहे, लिनचं नाव एका माणसाने एका सीझनला एकदाच काढायचं. कॉलेजच्या पोराने त्याचा कोटा जुलैच्या पहिल्या आठवड्यातच संपवला.

माझं आवडतं उदाहरण शिकागो बुल्सचं, कारण ते दोन्ही बाजूंनी कापतं. २८ एप्रिल २०१२, प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेऱ्या, चार मॅच आधी जिंकेल तो पुढे) पहिली मॅच, फिलाडेल्फिया समोर, बुल्स १२ ने पुढे आणि १ मिनिट २० सेकंद राहिलेली, आणि त्यांचा मेन गार्ड डेरिक रोझचा गुडघा गेला. ती टीम ईस्टमध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या टीमांच्या गटात, पहिल्या नंबरची होती, आणि आठव्या नंबरच्या फिलाडेल्फियाकडून ४-२ ने हरली. सी. जे. वॉटसन हा बॅकअप होता, वाईट नव्हता, पण एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू) झालेल्या माणसाची जागा बॅकअप भरत नाय, कुठलाच भरत नाय. इथपर्यंत ऐकून मेडिकलवाला म्हणतो बघ, बॅकअपने काय होतं? थांब. पुढचा पूर्ण सीझन रोझ खेळलाच नाय. बुल्सनी मिनिममवर, म्हणजे लीगच्या सगळ्यात कमी पगारावर, नेट रॉबिन्सन आणला होता, ५ फूट ९ इंच, सगळे हसायचे, तो रेग्युलर सीझनच्या ८२ च्या ८२ मॅच खेळला. आणि २७ एप्रिल २०१३ ला ब्रुकलिनविरुद्ध, रोझच्या त्या दुखापतीला एक दिवस कमी वर्ष झालेलं, त्याने ३४ काढले, त्यातले २३ एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये, तीन ओव्हरटाइम होऊन बुल्स जिंकले. ती सिरीजपण सात मॅचमध्ये काढली. मग पुढच्या फेरीत मायामीने ४-१ ने आटपलं. तर मिनिममच्या माणसाने एक फेरी काढून दिली, दुसरी नाय काढता आली. बॅकअप गार्डकडून अपेक्षा केवढी ठेवायची त्याचं माप मला इथे सापडतं. ट्रॉलरवाला म्हणतो एक फेरी म्हणजे काय कमी आहे का, ते पण खरंच.

उलटं उदाहरण डेन्व्हरचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी रेजी जॅक्सन हा गार्ड घेतला, मोठं नाव, लोक खूश. चॅम्पियन झाले ते जूनमध्ये, पण प्लेऑफमध्ये तो कोर्टवर जवळजवळ दिसलाच नाय. ते काम केलं ब्रूस ब्राऊनने, जो आधीच टीममध्ये होता आणि कागदावर धड पॉइंट गार्डही नव्हता. फायनलच्या चौथ्या मॅचला २१ पॉइंट, त्यातले ११ शेवटच्या क्वार्टरला. म्हणून बाहेर नावं शोधायच्या आधी घरातले डबे उघडून बघायचे. एखादा फॉरवर्ड बॉल नेऊ शकतो का? दुसऱ्या नंबरच्या गार्डला मेन गार्ड बसल्यावर चावी देता येते का? बऱ्याच वेळा कोचने दोघांच्या बसायच्या वेळा वेगळ्या केल्या तरी निम्मा प्रश्न सुटतो आणि एक डॉलर लागत नाय. फक्त हे भांडणात बोलायला मजा येत नाय, म्हणून कुणी बोलत नाय.

पैसे. इथे फॅन लोक सगळ्यात जास्त हवेत असतात. २०२५-२६ ला सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, पण ती काही सवलतींनी ओलांडता येते) साधारण १५ कोटी ४६ लाख डॉलर, टॅक्सची रेघ १८ कोटी ७९ लाखाच्या आसपास, त्याच्या वर पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाख आणि दुसरा २० कोटी ७८ लाख. एप्रन म्हणजे अशी रेघ की ओलांडली की टीमवर बंधनं येतात. तुमची टीम दुसऱ्या एप्रनच्या वर असेल तर मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर असूनही मधल्या पगारावर माणूस घ्यायची सवलत) विसरा, बाहेरचा मोकळा खेळाडू करारावर घ्यायचा तर मिनिममवरच. आणि पहिल्या एप्रनच्या वर असेल तर बायआउट झालेला (टीमशी हिशेब मिटवून करारातून मोकळा झालेला) बडा माणूसपण नाय घेता येत, म्हणजे सोडायच्या आधी ज्याचा पगार साध्या मिड-लेव्हलपेक्षा, त्या सीझनला साधारण १ कोटी ४१ लाख, जास्त होता तो. तेव्हा "अमक्याला सोडलाय, आपण उचलू" म्हणायच्या आधी टीम कुठल्या रेघेवर आहे ते बघा, नायतर अर्धा तास फुकट. मिनिममची एक गंमत मात्र चांगली आहे, जुन्या खेळाडूला एका वर्षाच्या मिनिमम करारावर घेतला तर त्याचा पगार अनुभवाप्रमाणे जास्त असतो पण टीमच्या हिशेबात दोन वर्षं अनुभवाच्या माणसाएवढाच धरतात, वरचं लीग देते. म्हणूनच दर जुलैला म्हातारे गार्ड मिनिममवर सगळीकडे वाटले जातात, बांगड्याच्या सीझनला शेजारी एकमेकांना वाटा पाठवतात तसे.

पैशापेक्षा मोठा प्रश्न खुर्चीचा. रेग्युलर करार १५ जणांचे, शिवाय तीन टू-वे, म्हणजे मेन टीम आणि खालची लीग दोन्हीकडे खेळणारे. टू-वे वाला पोरगा जास्तीत जास्त ५० मॅचला घेता येतो आणि प्लेऑफमध्ये चालत नाय, करार बदलल्याशिवाय. तेव्हा जो म्हणतो "घ्या", त्याला एकच विचारायचं, काढायचा कुणाला? नाव सांग. इथे भल्याभल्यांची बोलती बंद होते. आमच्या टीमात पंधरावा म्हणजे २० वर्षांचा एक पोरगा आहे जो महिन्यात एकदा खेळतो, आणि ट्रॉलरवाल्याचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. त्याला काढायचा विषय निघाला की तोच माणूस, जो रोज तीन नावं आणतो, म्हणतो, "मेल्या, तू गप रव, तुका काय कळता!"

आणि घाई करायची की थांबायचं? मी थांबा-पार्टीचा आहे. पंधरावी जागा जुलैत भरून टाकली की संपलं. रिकामी ठेवली तर ५ जानेवारीपासून दहा-दिवसांचे करार चालू होतात, एकाच माणसाला एका टीमला सीझनमध्ये दोनदा देता येतो, त्यानंतर ठेवायचा तर उरलेल्या सीझनचा करार करावा लागतो. म्हणजे ट्रायल घेऊन बघता येते. मग फेब्रुवारीत ट्रेड डेडलाइन (टीमांनी आपसात खेळाडू बदलायची शेवटची तारीख), कधी कधी आंगणेवाडीच्या जत्रेच्या आगेमागे, त्यामुळे तेव्हा आमच्यातला निम्मा ग्रुप रांगेत उभा राहून मोबाईल बघत असतो. डेडलाइन झाली की बायआउटवाले सुटतात. आणि १ मार्च लक्षात ठेवा, त्याच्यानंतर जुन्या टीमने सोडलेला खेळाडू नव्या टीमकडून प्लेऑफ खेळू शकत नाय. फक्त थांबायलाही एक अट आहे. तुमचा मेन गार्ड तिशी ओलांडलेला असेल किंवा गेल्या दोन सीझनला गुडघा, पोटरी, घोटा यातलं काहीतरी चालू असेल तर जुलैतच घ्या, थांबणं म्हणजे अंगाशी येणार.

प्लेऑफसाठी वेगळं गणित. तिथे मेन लोक ४० मिनिटं ओढतात, त्यामुळे तुमचे ते १३ होतात ५ किंवा ६, आणि बुटका गार्ड असेल तर समोरची टीम मुद्दाम त्याच्यावरच खेळ लावते, परत परत, दया येईपर्यंत. म्हणून डिफेन्स बघा. पण ह्यालाही अपवाद आहेतच, २०११ च्या फायनलला डॅलस २-१ ने मागे असताना कोचने चौथ्या मॅचला बुटक्या बॅकअप गार्डला, जे. जे. बरेआला, थेट स्टार्ट दिला आणि तिथून तीन सलग जिंकले. आणि २०२५ च्या फायनलची सातवी मॅच, आपल्याकडे २३ जूनची पहाट होती, पाऊस एवढा की आवाज ऐकू येईना, पहिल्याच क्वार्टरला इंडियानाचा मेन गार्ड टायरीस हॅलिबर्टनची अ‍ॅकिलिस, म्हणजे टाचेमागची शीर, गेली. बॅकअप टी. जे. मॅकोनल आला, १६ पॉइंट काढले, जीव तोडून खेळला. इंडियाना १०३-९१ ने हरली. आमच्या टपरीवर त्या दिवशी कुणी भांडलं नाय. सर फक्त म्हणाले, ह्याच्यापेक्षा बरा बॅकअप कुठून आणणार होते ते?

शेवटचं म्हणजे भांडण मिटवायचं कसं. कौल लावून हा प्रश्न सुटत नाय, आणि आवाज चढवूनही नाय. प्रत्येकाने लिहून द्यायचं: मिनिटं किती, काम कुठलं, काढायचा कोण, आणि कधी घ्यायचा. चारही उत्तरं नसतील तर मत धरायचं नाय. मग पैज. आमच्याकडे पैज सुरमईची असते, पण जुलैत ताजी सुरमई कुठून आणणार, म्हणून उधारीवर, कॅलेंडरच्या मागच्या पानावर तारखेसकट. गेल्या जुलैला लाईट गेलेली असताना ट्रॉलरवाल्याने मेणबत्तीसमोर हात जोडून गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा महाराजा, आमच्या टीमचो मेन गार्ड बसलो की जी काय पडझड होता ती भायर काढ रे महाराजा!" आम्ही सगळे: व्हय महाराजा. "आणि मिनिममात एक बरो बॅकअप गार्ड गावंदे रे महाराजा!" व्हय महाराजा. "आणि पंधराव्या पोराक कोण हात लावूक नको रे महाराजा!" इथे मेडिकलवाला उठून गेला.

ह्या वर्षीचं माझं उत्तर कॅलेंडरवर आहे: १३ मिनिटं, बॉल सांभाळणारा, पंधरावा पोरगा गेला तरी चालेल, आणि ५ जानेवारीच्या आधी कुणालाही घेऊ नये. ट्रॉलरवाल्याने खाली लिहिलंय "आत्ताच घ्या", बाकी तीन रकाने कोरे.